तुमची भाषा वाकडी की आमची? (पडवीतली पैज)

माडाखालचा

मंडळी, मालवणात चार दिवस पाऊस नुसता ओततोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दादाची होडी माडात झापांखाली झोपलीय आणि दादा पडवीत. लाईट गेलेली. घरात आई, दादा, वहिनी (माहेर पुणे), त्यांची नऊ वर्षांची लेक, मी, आणि न्याहारी-निवासासाठी आलेली एक जर्मन पाहुणी. ही बाई पुण्यात वर्षभर मराठी शिकलेली, खिशात कायम वही.

आईने चुलीकडून हाळी दिली, "चेडू खंय गेला?"

पाहुणीने वही काढली. "चेडू म्हणजे मुलगी ना? मग 'गेला' का?"

वहिनी हसली. "लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी मीपण हेच विचारलं होतं."

बाहेरच्यांसाठी: मालवणीत चेडू नपुंसकलिंगी. माझो झील (मुलगा), माझी आवस (आई), माझा चेडू. पुण्याच्या 'माझं'चं आमच्याकडे 'माझा' होतं, म्हणून पुणेकराला वाटतं आम्ही पोरींना पुल्लिंगी करून टाकलं. तीच गत 'काय झाला?' या प्रश्नाची. वहिनीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, शेजारी कुणाला मुलगा झाला.

पाहुणीने वही मिटली आणि म्हणाली, "आमच्याकडेही मुलगी 'ती' नाही. दास मेडशेन. दास म्हणजे नपुंसक. शेवटी 'शेन' लागलं की लहान, आणि लहान ते सगळं नपुंसक." दादा म्हणाला, "म्हणजे तुमी आमच्यातलेच."

तिथून जुंपली ती कंदील विझेपर्यंत. आता पैज इथे आणतोय. तुमच्या भाषेतला किंवा कानावरून गेलेल्या भाषेतला असा वाकडेपणा सांगा, जो बोलणाऱ्याला वाकडा वाटतच नाही. जिंकेल त्याला आईच्या हातचं आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), एक बाटली. स्पेलिंगचे विनोद चालणार नाहीत, ते प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत.

सुका_जवळा

पॉपकॉर्न घेऊन बसलो. पॉपकॉर्न तो की ते, ते आधी ठरवा.

इंजिनरूम

माझी एंट्री घ्या. बावीस वर्षं बोटीवर काढली, घर गुहागर.

एका बंदराबाहेर आम्ही नऊ दिवस नांगर टाकून होतो. दहाव्या दिवशी चीफ इंजिनिअर वॉकीटॉकीवर बोलला, "टुमॉरो वुई आर गोइंग अशोर." झालं. सगळ्यांनी दाढ्या केल्या. मी पांढऱ्या शर्टाला इस्त्री मारली. सकाळी गँगवेवर रांग लागली तेव्हा कळलं, की 'वुई' म्हणजे तो आणि कॅप्टन. आमचा एक फिलिपिनो ऑइलर होता. आदल्या रात्री सगळे नाचत असताना तो एकटाच मला विचारत होता, "सर, तायो ऑर कामी?"

त्यांच्या टागालोगमध्ये तायो म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आणि कामी म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. आपल्याकडे हुबेहूब तेच: आपण आणि आम्ही. "आम्ही जेवायला बसतोय" म्हटलं की दारातल्या माणसाला कळतं, चहावर भागवायचं. "आपण जेवायला बसू" म्हटलं की चप्पल काढायची. इंग्रजीला हे जमत नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही. आणि इतकी सोय करून ठेवलेली असताना आपण त्या 'आपण'चं काय केलं, तर आदराने 'आपण कुठले?' आणि मुंबईत 'आपण नाय घाबरत कुणाला'. म्हणजे आपण म्हणजे आपण सगळे, आपण म्हणजे तुम्ही, आणि आपण म्हणजे मी एकटाच.

फिलिपिनो पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुमचं जास्त बिघडलंय.

कोल्हापूरची_रत्नागिरीत

पैजेत भाग घेत नाही, तक्रार मांडते. माहेरी आम्ही पोरी सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणायचो. लग्न होऊन इकडे आले. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून म्हटलं, "मी येतो बाजारात." सासरे ओटीवरून म्हणाले, "कोण पाहुणे आलेत?"

माडाखालचा

@कोल्हापूरची_रत्नागिरीत, मालवणात या. इथे हा प्रश्नच नाही. बापयो म्हणतो 'मी जातंय', बाईपण 'मी जातंय'. तो जाता, ती जाता, ता (म्हणजे ते) जाता. वर्तमानकाळात क्रियापदाला लिंग विचारायची पद्धत नाही.

निवृत्त_मास्तर

वर्गात पंचेचाळीस पोरं असताना जे सांगायला वेळ मिळाला नाही ते इथे सांगतो. फळा नाही, मासे घेऊ.

तू बांगडा खाल्लास.
तू सुरमई खाल्लीस.
तू पापलेट खाल्लंस.
तू तिसऱ्या खाल्ल्यास.

बांगडा तो, सुरमई ती, पापलेट ते, तिसऱ्या त्या. क्रियापद माशाप्रमाणे बदललं, इथवर हिंदीतही होतं. पण शेपटीला तो 'स' बघा. तो माशाचा नाही, तो 'तू'चा आहे. म्हणजे एकाच क्रियापदावर खाणाऱ्याचा आणि खाल्लेल्याचा, दोघांचाही शिक्का. व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात, नाव ऐकूनच पोरं खिडकीबाहेर बघायची. आणि वाक्यातला 'तू' गाळला तरी बिघडत नाही. "खाल्लीस?" एवढंच विचारा. कुणी खाल्ली आणि काय जातीचं खाल्लं, दोन्ही आलं.

आता त्याहून वाकडं. "मी छत्री हरवली." "मी छत्री विसरलो." छत्री तीच, माणूस तोच, पाऊसही तोच. हरवताना क्रियापद छत्रीमागे जातं, विसरताना माणसामागे. शिकणे, विसरणे, जिंकणे, पिणे ही अशी हट्टी मंडळी आहेत. 'मी पाणी प्यालो', पण 'मी चहा घेतला'. कारण विचारू नका. मी तीस वर्षं शिकवलंय, कारण विचारणाऱ्याला बाकावर उभं करायचो.

अवांतर पण आपल्या मातीतलं: मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघायला सगळे जातात. त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले, ज्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं, त्यांचं नाव तिथून परत येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? एका घरात एक भाऊ कवितेचे नियम मोडत होता आणि दुसरा भाषेचे नियम लिहून काढत होता. त्याआधी दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं.

सुका_जवळा

मास्तर, दंडवत. फक्त जुलैत तिसऱ्यांचं नाव काढलंत, हा गुन्हा आहे.

टांपेरेहून_देवरुखकर

फिनलंडातून. आमच्या इथे (म्हणजे तिथे) पंधरा विभक्त्या आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तो पत्ता मी टाकत नाही. शिवाय घरात, घरातून, घरावर यांना वेगवेगळे प्रत्यय लावण्यात आपल्याला नवल काय? आपण तेच करतो, फक्त आधी मासाचं माशा, ससाचं सशा करून घेतो. फिनिश सहकाऱ्याला मी 'मासा, पण माशाचा' समजावलं तर त्याने विचारलं, मासा बदलला का?

माझा पत्ता वेगळा. फिनिशमध्ये 'नाही' हा शब्द चालवावा लागतो. एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवात. मी-नाही, तू-नाही, तो-नाही, आम्ही-नाही... मूळ क्रियापद बिचारं गप्प उभं, सगळी कसरत नकाराची. इंग्रजी बोलणारे वर्गात डोकं धरून बसले होते. बाईंनी मला विचारलं, तुला कसं काय पटकन आलं?

मी म्हटलं, बाई, आमची आजी दिवसभर हेच करायची. नाही, नाहीस, नाहीत. नको, नकोस, नका, नकोत. "जाऊ नकोस, जाऊ नका, मला ते आंबे नकोत." वर आमच्या नकाराला लिंग आहे: नव्हता, नव्हती, नव्हतं. फिन लोकांचा नकार एवढा सजलेला नाही.

इंजिनरूम

+१. कोकणात नकार हाच मुख्य क्रियापद.

हर्णैचा_आखाती

मी दापोली तालुक्यातला, मस्कतला अठरा वर्षं. अरबीचं दुकान उघडतो.

एक: अरबीत एक, अनेक आणि मध्ये 'दोन' असं स्वतंत्र वचन आहे. बैत म्हणजे घर, बैतान म्हणजे दोन घरं. ते कळण्यासारखं आहे, संस्कृतात होतंच.

दोन: तीन ते दहा आकडे नामाच्या उलट्या लिंगाचे. तीन पुरुष म्हणायचं तर आकडा स्त्रीलिंगी, 'सलासतु रिजाल'. तीन मुली म्हणायचं तर आकडा पुल्लिंगी, 'सलासु बनात'. बाजारात बोलताना इतकं कुणी पाळत नाही, पण पुस्तकात आणि बातम्यांत पाळतात. मी दुकानातल्या इजिप्शियन हिशेबनिसाला विचारलं, असं का? तो म्हणाला, तुला पगार आकड्यात पाहिजे ना, मग लिंग कशाला बघतोस.

तीन, माझं आवडतं: माणसं सोडून कशाचंही अनेकवचन झालं की ते एका बाईसारखं वागवायचं. एक पुस्तक 'तो' नवा, पण दहा पुस्तकं 'ती' नवी. म्हणजे हर्णै बंदरात संध्याकाळी लिलावाला लागलेल्या सगळ्या होड्या मिळून एक बाई. आमच्या आत्याने हे ऐकलं आणि म्हणाली, "खरं आहे, सगळ्यांचं एकटीलाच करावं लागतं."

आणि जाता जाता किताबची गोष्ट. हा अरबी शब्द स्वाहिलीत गेला, किताबु झाला. स्वाहिलीत लिंगांऐवजी नामांचे गट असतात आणि अनेकवचन शब्दाच्या पुढच्या टोकाला होतं. 'कि'ने सुरू होणाऱ्या एका गटाचं अनेकवचन 'वि'. त्यांना वाटलं, किताबुचा 'कि' पण आपलाच. म्हणून एक किताबु, दोन विताबु. अरबाला ऐकवलं तर तो जेवण सोडतो.

सुका_जवळा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). विताबुला माझं मत.

पुण्यात_अडकलेला

हिंदीचं राहिलं. 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. ज्यांना काल आणि उद्या वेगळे करता येत नाहीत त्यांनी आम्हाला व्याकरण शिकवू नये. बाटली पाठवा.

निवृत्त_मास्तर

@पुण्यात_अडकलेला, परवा भेटू. तोवर सांगा, मी परवा म्हणालो ते गेलेलं की येणारं?

पुण्यात_अडकलेला

...बाटली नको.

निवृत्त_मास्तर

तेरवा पण तसाच आहे, घाई नाही.

गोंयकार_पेडणें

आमी शेजारी, आमका पण बसूंक दियात. (पुढे मराठीत लिहितो, नाहीतर म्हणाल कोकणीची जाहिरात.)

आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांच्याकडून ऐकलेलं पुस्तकी पोर्तुगीज: 'तुला सांगेन' याला 'दिर-त-एइ'. यात 'दिर' म्हणजे सांग, 'एइ' म्हणजे भविष्यकाळातला मी, आणि मध्ये पाचर मारल्यासारखा 'त', म्हणजे तुला. सांग-तुला-एन. क्रियापद चिरून आत सर्वनाम भरायचं, भरल्या वांग्यासारखं. आज लिस्बनच्या रस्त्यावर सहसा असं कुणी बोलत नाही, पण आजोबा रागावले की असं बोलायचे, म्हणून आम्हाला भविष्यकाळाची भीती बसली.

आणि मास्तर, १८३६ चा मान ठेवून सांगतो, आमच्या राचोलला थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण १६४० साली छापून झालं होतं. माणूस इंग्रज, लिहिलं पोर्तुगीजमध्ये, भाषा आमची. छापलं तेव्हा तो हयात नव्हता.

निवृत्त_मास्तर

मान्य. एकशे शहाण्णव वर्षांनी मागे. पण छत्रीचं उत्तर द्या.

रेवदंड्याची_पाणेरी

गोव्यापर्यंत कशाला जाता, आमच्या समोर खाडीपलीकडे कोर्लई आहे. किल्ल्याखालच्या वस्तीतली ख्रिस्ती मंडळी घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात, त्यांच्या शब्दांत 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा. चौल पोर्तुगीजांच्या हातून गेलं १७४० मध्ये, भाषा राहिली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या चालीवर: क्रियापद शेवटी. लिस्बनचा माणूस 'मी खातो मासा' म्हणेल, कोर्लईचा 'मी मासा खातो'च्या क्रमाने. पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, पण वाक्याचा शेवट आपणच राखला.

हे व्याकरणाच्या पैजेत बसत नसेल तर नका बसवू. पण 'नो लिंग' ऐकून माझा भाऊ लहानपणी समजायचा, की या भाषेत लिंगच नाही.

सुका_जवळा

बाटली रेवदंड्याला पाठवा, माझं मत बदललं.

इंजिनरूम

दुसरी एंट्री चालते का? रशियन सेकंड इंजिनिअर होता. एक वर्ष म्हणजे 'गोद'. दोन, तीन, चारला 'गोदा'. पाचपासून शब्दच बदलतो, 'ल्येत', मुळात उन्हाळे. वीस ल्येत, आणि एकविसाला परत एकवचन, 'गोद'! मी त्याला भरपूर चिडवलं. मग त्याने माझ्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे तुझ्या भाषेत सांग.

दीड वाजला. पावणेदोन वाजले.

पंधरा मिनिटांत एकवचनाचं अनेकवचन झालं. पावणेदोन म्हणजे अजून दोन झालेले नाहीत, तरी 'वाजले'. मी गप्प.

वाडीतली_ताई

इतक्या विद्वानांत बोलायचं धाडस करते. मला इंग्रजीतल्या पावसाचा राग आहे. 'इट इज रेनिंग.' हे इट कोण? मुलीला शिकवताना ती विचारते, आकाश? ढग? देव? मी म्हणते, कुणी नाही, नुसतं बसवलंय. वाक्याला कर्ता लागतोच म्हणून खुर्चीवर बाहुला. आपल्याकडे बघा: उजाडलं. सांजावलं. मळमळतंय. एका शब्दाचं वाक्य, कर्ताच नाही, कुणाचं काही अडत नाही. सध्या आमच्याकडे सकाळी सातला उजाडतंही आणि सांजावतंही एकदम, इतकं भरून येतं.

दुसरं, आमच्या परसातलं. झाडावर असतो तो रातांबा. सोलून वाळवलं की ते आमसूल. नारळाच्या दुधात कोळलं की ती सोलकढी. एकच फळ, तिन्ही लिंगं फिरून येतं.

टांपेरेहून_देवरुखकर

ताई, हे वाचून इथे रात्री साडेअकराला उजेडात बसून भूक लागली. आणि 'मला भूक लागली' यात कर्ता मी नाही, भूक आहे. हे फिनिश सहकाऱ्याला आत्ताच सांगून आलो.

माडाखालचा

लाईट आली म्हणून उत्तरं देतोय. सगळ्या एंट्र्या मी पडवीत मोठ्याने वाचल्या. दादाचं मत होड्यांच्या बाईला. वहिनीचं आपण-आम्हीला, आणि ते देताना तिने आईकडे पाहिलं, यावर मी काही बोलणार नाही.

पाहुणीचं मत मात्र मास्तरांच्या छत्रीला, कारण तिचं दुखणं ताजं आहे. परवा (गेलेला) ती सावंतवाडीहून येताना छत्री एसटीत ठेवून उतरली. धावत मागे गेली आणि कंडक्टरला म्हणाली, "दादा, छत्री विसरली!" कंडक्टर म्हणाला, "कोणाक विसरली?" छत्री मिळाली. पण ती रात्रभर वहीत लिहीत होती: मी छत्री हरवली, मी छत्री विसरले, मी छत्री ठेवली, मी छत्री घेऊन उतरले नाही.

वाडीतली_ताई

@माडाखालचा, पैज राहू दे, एक खरा प्रश्न. चेडू मोठं झालं की 'ता'चं 'ती' कधी होतं? आमच्या वाडीत लग्न झालं की 'ती' म्हणतात, पण माझी मावशी साठीच्या धाकट्या बहिणीला अजून 'ता'च म्हणते.

गोंयकार_पेडणें

आमच्याकडेही 'तें'. वयापेक्षा नात्यावर. तुमच्यापेक्षा लहान आणि लाडकं असेल तर 'तें', मान द्यायचा तर 'ती'. माझ्या बायकोला माझी आई 'तें' म्हणते, शेजारीण 'ती'. भांडण झालं की आईसुद्धा 'ती'.

माडाखालचा

आईला विचारलं. ती जवळ्यातली कुसपटं काढत होती. म्हटलं, आई, पुतणीला तू 'ता' म्हणतेस, वहिनीला 'ती' म्हणतेस, आणि काल फोनवर वहिनीच्या आईला सांगताना वहिनीला 'ता' म्हणालीस. नियम काय?

आई म्हणाली, "माका काय म्हायत? तोंडात येता ता बोलतंय." आणि मग, "ता आगळ कोणाक धाडूचा हा ता सांग, बाटली धुवून ठेवलंय."

वहिनी वर्षानुवर्षं न बोललेलं बोलली, "आई, अकरा वर्षांपूर्वी मी आले तेव्हा काल म्हणालात तसं 'ता' मला एकदाही म्हटलं नव्हतं."

आई म्हणाली, "तेवा तू नवी होतंस."

बाटली मास्तरांना. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_मास्तर

व्यनि केला आहे. आगळ मिळाला की कळवतो.

वाडीतली_ताई

मास्तर, आगळ मिळालं.

निवृत्त_मास्तर

आमच्या घरी तो आगळ.

सुका_जवळा

नवीन धागा काढा.